हात सोडला की विझणारी ज्योत

थंडीची पहिली चाहूल लागली की अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या घरांत गॅसची शेकोटी सहा-सात महिन्यांनी पुन्हा पेटवली जाते, आणि पुष्कळ ठिकाणी पहिल्याच संध्याकाळी एक ठरलेला प्रकार घडतो. खाली वाकून नॉब दाबून धरायचा, ठिणगी द्यायची. बोटभर निळी ज्योत लागते. अर्धा-एक मिनिट धीर धरून नॉब सोडला की ती विझते. पुन्हा दाबले की लागते, पुन्हा सोडले की जाते. या ज्योतीला पायलट म्हणतात. मोठा बर्नर केव्हाही पेटवता यावा म्हणून दिवसरात्र जळत राहणे एवढेच तिचे काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्यामुळे ती टिकत नाही म्हणजे यंत्र बिघडले, हा निष्कर्षही सर्वांना उघड वाटतो. या समजुतीत अर्धेच सत्य आहे. पेटवणे हे पायलटचे जुने काम. गेल्या शतकात त्याच्यावर दुसरे, अधिक मोलाचे काम येऊन पडले, ते साक्षीचे. आपण जळत आहोत याचा पुरावा ही ज्योत क्षणोक्षणी देते आणि पुरावा अपुरा पडला की गॅस बंद होतो. हात सोडल्यावर ती विझते तेव्हा एखादा सुटा भाग झिजलेला असेल, पण गॅस तोडण्याचा निर्णय यंत्राने बरोबरच घेतलेला असतो. हा निर्णय यंत्राच्या अंगी यायला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्या काळात कितीतरी माणसे गुदमरून, भाजून, स्फोटात गेली.

आग जपून ठेवण्याची गरज गॅसपेक्षा फार जुनी. काडीपेटी स्वस्त होण्यापूर्वी आपल्याकडे रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवत आणि पहाटे राख सारून फुंकणीने फुलवत. रात्रीत विस्तव गेला, तर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी विस्तव मागायला जात. देवघरातला नंदादीप शांत झाला तर घरातल्या वडीलधाऱ्यांना हुरहुर लागे, पण घराला धोका काही नसे. लाकूड, गोवरी, कोळसा, तेल या सगळ्या इंधनांत ज्योत आणि इंधन एकमेकांशी बांधलेले असतात. ज्योत गेली की तेल वातीतच राहते, लाकूड चुलीतच पडून राहते. गॅसने हे नाते तोडले. नळीतून येणारा गॅस पुढे ज्योत आहे की नाही हे पाहत नाही. ज्योत गेली तरी तो त्याच वेगाने येत राहतो आणि खोलीत साठतो. विझलेली आग जळत्या आगीपेक्षा घातक ठरावी, असे माणसाच्या घरात पहिल्यांदाच घडत होते. चुलीपाशी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेले शहाणपण या नव्या इंधनासमोर उलटे पडले, आणि गॅसच्या उपकरणांचा पुढचा सगळा इतिहास ही उलटापालट निस्तरण्याचा आहे.

आरंभीच्या काळात ही अडचण फारशी जाणवली नाही, कारण ज्योतीवर माणसाची नजर होती. विल्यम मर्डॉकने १७९२च्या सुमारास कॉर्नवॉलमधल्या रेड्रथ गावी दगडी कोळशाच्या गॅसवर आपले घर उजळले. १८१२ साली लंडनच्या गॅस कंपनीला सनद मिळाली आणि १८१३च्या शेवटच्या रात्री वेस्टमिन्स्टरच्या पुलावर गॅसचे दिवे लागले. मुंबईही फार मागे नव्हती. जहाजबांधणीतल्या वाडिया घराण्यातल्या अर्देसर करसेटजींनी १८३४ साली माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून दाखवली. १८६५ साली शहराच्या रस्त्यांवर गॅसबत्त्या आल्या, आणि लालबागमधली गॅस कंपनी लेन त्या काळाची खूण म्हणून आजही नकाशावर आहे. या सगळ्या दिव्यांमागे माणूस होता. संध्याकाळी काठी घेऊन फिरणारा दिवे लावी, पहाटे तोच मालवी; घरात कर्ता पुरुष किंवा नोकर निजण्यापूर्वी प्रत्येक दिव्याची तोटी फिरवून पाही. ज्योत आणि गॅस यांच्यातला तुटलेला दुवा माणसाच्या डोळ्यांनी सांधलेला होता.

तो दुवा सैल झाला तो सोयीमुळे. व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने १८८५ साली गॅसच्या दिव्यासाठी मेंटल काढले. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेतल्या जाणाऱ्या गॅसबत्तीत जी पांढरीशुभ्र जाळी झळाळायची, ती हीच. या दिव्यांना साखळी ओढून लावण्या-मालवण्याची सोय आली आणि त्यासाठी आत एक बारीक ज्योत कायम तेवत ठेवावी लागली. पायलट घरात शिरला तो असा. त्याच्यावर कोणी लक्ष ठेवणे अपेक्षित नव्हते, उलट लक्ष ठेवावे लागू नये म्हणूनच तो होता. तो वाऱ्याने विझला तर कळायचे कसे, हा प्रश्न दिव्याच्या बाबतीत सौम्य होता, कारण तिथे गॅस थोडा. पाणी तापवण्याच्या यंत्रात तो तसा राहिला नाही.

१८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉनने न्हाणीघरात गॅसवर झटपट पाणी तापवणारे यंत्र काढले आणि आइसलँडमधल्या उकळत्या झऱ्याच्या नावावरून त्याला ‘गीझर’ म्हटले. मराठी घरांत तांब्याच्या बंबाची जागा ज्या गिझरने घेतली, त्याचे नाव तिथून आले. मॉनच्या यंत्रात जळका वायू बाहेर नेणारे धुराडे नव्हते, आणि ज्योत गेली आहे हे ओळखणारे काहीही नव्हते. बंब पेटवणाऱ्याला ढलप्या आणि कोळसे दिसत. बंबातली आग विझली तर फार तर पाणी कोमट राही. गीझरमध्ये पाणी सोडायचे, गॅस सोडायचा आणि ज्योत लावायची, या क्रमात क्षणाची चूक झाली तर बंदिस्त डब्यात गॅस भरे आणि मग काडी लागताच भडका उडे. इंग्लंडमधल्या न्हाणीघरांत हे यंत्र दीर्घकाळ धाकाचा विषय होऊन राहिले. त्यावर कारागिरांनी काढलेले उपाय पाहिले तर त्यांची दिशा एकच दिसते: पायलट बिजागरीवर बसवून आधी बाहेर ओढूनच पेटवता येईल असे करणे, गॅसची आणि पाण्याची तोटी एकमेकींत अडकवून टाकणे. म्हणजे माणसाच्या हाताला ठरलेल्या क्रमाने चालायला लावणे. क्रम पाळल्यानंतर ज्योत खरोखर जळते आहे का, हे या युक्त्यांना ठाऊक नसे. त्या माणसाची चूक अडवत. वाऱ्याची, काजळीची किंवा कमी पडलेल्या दाबाची चूक अडवत नसत.

आणि गॅसचा दाब तर घराबाहेरून जाई-येई. १८९०च्या दशकात इंग्लंडच्या कामगार वस्त्यांत पेनी टाकून चालणारे गॅसमीटर पसरले. नाणे टाकले की ठरावीक गॅस मिळे, तो संपला की ज्योत आपोआप विझे. गरिबाच्या घरी गॅस पोचवणारी ही व्यवस्था मोलाची होती, पण तिच्यात एक भयंकर फट होती. रात्री शेगडी चालू ठेवून कोणी झोपला, मीटर संपला, ज्योत गेली. तोटी मात्र उघडीच. मग घरातल्या दुसऱ्या कोणी चहासाठी मीटरमध्ये नाणे टाकले की झोपलेल्याच्या खोलीत विनाज्योतीचा गॅस वाहू लागे. त्या काळच्या कोळशाच्या गॅसमध्ये निम्माशिमा हायड्रोजन आणि त्यासोबत विषारी कार्बन मोनॉक्साइड असे. स्फोट झाला नाही तरी श्वासातून मरण येई. या प्रसंगात चूक कोणाची म्हणायची? झोपलेल्याने तोटी वेंधळेपणाने उघडी ठेवलेली नव्हती, नाणे टाकणाऱ्यानेही काही गैर केलेले नव्हते. दोघेही आपापल्या जागी बरोबर असताना माणूस मरू शकत होता, म्हणजे माणसाच्या दक्षतेवर ही जबाबदारी टाकून भागण्यासारखे नव्हते. ‘लोकांनी काळजी घेतली असती तर’ असे म्हणणाऱ्याला पेनीचा मीटर हे माझ्या मते पुरेसे उत्तर आहे.

डोळ्यांनंतर उरला होता तो नाकाचा पहारा. कोळशाच्या गॅसला उग्र वास असे आणि गळती त्यामुळे कळे. विसाव्या शतकात जमिनीखालून मिळणारा नैसर्गिक वायू घरांत येऊ लागला, तेव्हा हा पहाराही उठला, कारण शुद्ध मिथेनला वासच नाही. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत जमिनीखाली साठलेल्या गॅसचा स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जण मृत्युमुखी पडले, त्यांत बहुतेक मुले. वर्गांत कोणालाही वास आलेला नव्हता. त्यानंतर गॅसमध्ये मर्कॅप्टनसारखी दुर्गंधी द्रव्ये मिसळण्याची सक्ती आली. आज आपल्या सिलिंडरला जो वास येतो, तो असाच मुद्दाम घातलेला. न्यू लंडनचा पायलटशी थेट संबंध नाही, पण माणसाच्या इंद्रियांवर विसंबणे किती अपुरे होते, हे त्या घटनेइतके स्पष्ट दुसऱ्या कशाने झाले नसेल. वास मिसळूनही झोपलेल्याला तो येत नाही, सर्दी झालेल्याला येत नाही, म्हाताऱ्या माणसाला कमी येतो. साक्ष द्यायची तर ती ज्योतीनेच द्यायला हवी होती.

ज्योतीला बोलते करण्याचे साधन शंभर वर्षे आधीच सापडलेले होते, तेही गॅसचा विचार कोणाच्या मनात नसताना. विजेच्या प्रवाहाने होकायंत्राची सुई हलते, हे १८२० साली ओर्स्टेडने कोपनहेगनमध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये थॉमस योहान झेबेकला आढळले की दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या टोकांशी जोडून एक जोड तापवला, तर जवळ ठेवलेली सुई वळते. झेबेकने याला उष्णतेने उत्पन्न होणारे चुंबकत्व मानले. प्रत्यक्षात धातूंच्या त्या वळ्यातून वीज वाहत होती. ही वीज अगदी क्षीण, पण तापमानातला फरक कायम असेल तोवर स्थिर. त्या स्थैर्यामुळेच गेओर्ग ओमने १८२६ साली आपल्या प्रसिद्ध नियमाचे प्रयोग करताना रासायनिक घट बाजूला ठेवून असा जोड वापरला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवून. पुढे भट्ट्यांचे तापमान मोजायला धातूंच्या या जोडीचा, म्हणजे थर्मोकपलचा, उपयोग झाला. घरगुती गॅसच्या उपकरणात ती आली विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि तिथे तिला काही मोजायचे नव्हते. ऊब आहे की नाही, एवढेच सांगायचे होते.

ही रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात सामावला आहे. पायलटच्या ज्योतीत पेन्सिलीएवढी एक धातूची कांडी उभी असते, तीच थर्मोकपल. ज्योतीने तिचे टोक लालसर तापले की तिच्यात सुमारे ३० मिलिव्होल्ट दाब तयार होतो. विजेरीतल्या सेलचा हा जेमतेम पन्नासावा भाग. तांब्याच्या बारीक नळीतून ही वीज गॅसच्या व्हॉल्व्हमधल्या छोट्या विद्युतचुंबकापर्यंत जाते. आता त्या चुंबकात व्हॉल्व्ह ओढून उघडण्याचे बळ नाही. उघडलेला व्हॉल्व्ह, चुंबकाला आधीच चिकटलेला, तसाच धरून ठेवण्याइतकेच बळ आहे. उघडण्याचे काम माणसाच्या बोटाने करायचे, नॉब दाबून. धरून ठेवण्याचे काम ज्योतीने. ज्योत गेली की कांडी गार होते, वीज आटते, चुंबक सोडून देतो आणि आतली स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटवते. गॅस परत आला, कोणी मीटरमध्ये नाणे टाकले, दाब पूर्ववत झाला, तरी व्हॉल्व्ह आपणहून उघडत नाही. पुन्हा माणूस समोर येऊन, वाकून, ठिणगी देईपर्यंत तो मिटलेलाच राहतो. पेनीच्या मीटरची फट इथे बुजली.

याआधीही ज्योत ओळखण्याच्या युक्त्या होत्या. दोन धातूंची चिकटवलेली पट्टी तापली की वाकते आणि वाकताना व्हॉल्व्ह ढकलते, किंवा फुग्यात भरलेला द्रव तापून फुगतो, अशा तत्त्वांवर त्या चालत. थर्मोकपल त्यांच्याहून सरस ठरला तो केवळ स्वस्त म्हणून नव्हे. ढकलणारे यंत्र गंजून उघड्या स्थितीत अडकू शकते. थर्मोकपलच्या बाबतीत तार तुटली, नट सैल झाला, टोक जळून झिजले, चुंबकाचे वेटोळे गेले, यांपैकी काहीही झाले तरी परिणाम एकच, गॅस बंद. व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकून तो नीट मिटला नाही, असा अपवाद संभवतो आणि म्हणून व्हॉल्व्ह उघडून घरच्या घरी दुरुस्त करू नये असे जाणकार बजावतात. पण जवळजवळ प्रत्येक मार्गाने बिघडताना सुरक्षित बाजूलाच पडावे, अशी ही योजना आहे, आणि घरात वापरल्या जाणाऱ्या यंत्रांत इतकी प्रामाणिक योजना मला दुसरी क्वचितच दिसते.

या नजरेने पाहिले की दुरुस्तीच्या वेळी दिसणाऱ्या खुणा वाचता येतात. ज्योत लागतच नसेल तर गॅस पोचत नाही, मग पायलटचे केसाएवढे छिद्र धुळीने किंवा कोळ्याच्या जाळ्याने बुजलेले असते. उन्हाळाभर बंद राहिलेल्या शेकोटीत हे नेहमीचे. ज्योत लागते, पण पिवळी, मरगळलेली असते आणि कांडीच्या टोकाला नुसती चाटून जाते, तेव्हा तिला हवा कमी मिळते आहे किंवा छिद्र अर्धे बुजले आहे. कांडीचा वरचा सेंटिमीटरभर भाग निळ्या ज्योतीने वेढलेला असायला हवा. ज्योत खणखणीत निळी आहे, कांडी तापली आहे, तरी नॉब सोडताच विझते, मग संशय कांडीवर किंवा तिच्या जोडावर. तीस मिलिव्होल्टला धुळीचा पातळ थरही भिंतीसारखा वाटतो. व्हॉल्व्हपाशी बोटाने घट्ट केलेला नट पाव फेरा आवळल्याने किंवा जोडाचे टोक पुसल्याने कितीतरी शेकोट्या पुन्हा चालू होतात. वर्षानुवर्षे ज्वालेत राहून कांडी झिजतेच. ती बदलणे हे स्वस्त आणि साधे काम आहे. तासभर नीट जळून मग विझणारी ज्योत मात्र वेगळेच सांगत असते: धुराड्यातून वारा उलटा येतो आहे, किंवा जळका वायू बाहेर न जाता खोलीत परततो आहे. पहिल्या तीन खुणा यंत्राविषयीच्या, ही चौथी घराविषयीची. तिच्याकडे दुर्लक्ष करून नवी कांडी बसवणाऱ्याला ज्योत काय सांगते ते ऐकू आलेले नसते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की या खुणांपैकी बहुतेक खोट्या हाका आहेत. गॅस गळत नाही, खोली सुरक्षित आहे, फक्त एक नट सैल आहे, आणि घर गारठले आहे. खोट्या हाका पुन्हापुन्हा आल्या की माणूस चिडतो आणि सुरक्षाच निकामी करतो. नॉब दाबलेला राहावा म्हणून खिट्टी ठोकणारे, चिकटपट्टी लावणारे लोक असतातच. आक्षेपातली वस्तुस्थिती मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. यंत्राला दोनच चुका करता येतात: ज्योत असताना नाही म्हणणे आणि ज्योत नसताना आहे म्हणणे. पहिलीची किंमत गारठलेली संध्याकाळ आणि फिटरची फी. दुसरीची किंमत पेनीच्या मीटरने दाखवून दिली आहे. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारे स्वस्त यंत्र कोणाला बनवता आलेले नाही, आणि एकीकडे झुकायचेच असेल तर कोणीकडे, हा प्रश्न मतभेदाचा राहत नाही. खिट्टी ठोकणारा माणूस आपले उपकरण मॉनच्या गीझरच्या काळात नेऊन ठेवतो, तेही नजरेच्या त्या काळच्या पहाऱ्याशिवाय.

दुसरा आक्षेप वेगाचा. कांडी गार व्हायला अर्धा-एक मिनिट, कधी त्याहून अधिक लागते. तेवढ्या वेळात गॅस वाहतोच. हिशेब करून पाहू. ताशी ३०,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) क्षमतेचा बर्नर मिनिटाला साधारण १४ लिटर नैसर्गिक वायू सोडतो. हवेत मिथेन ५ टक्क्यांवर गेला की ती हवा पेट घेऊ शकते. ४० घनमीटरच्या खोलीत त्यासाठी २,००० लिटर लागतील. मिनिटभराचा उशीर खोलीच्या दृष्टीने काहीच नाही. रात्रभर उघडा राहिलेला बर्नर मात्र सहा-सात हजार लिटर सोडतो. पण काचेने बंद केलेल्या शेकोटीच्या पेटीत जागा शे-दोनशे लिटरचीच असते, तिथे १४ लिटर पुरेसे ठरतात. तेवढ्यापुरता आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच विझल्यावर पाच मिनिटे थांबून मगच पुन्हा ठिणगी द्यावी, असे प्रत्येक शेकोटीवर छापलेले असते. एलपीजी असेल तर जमिनीलगतचा वासही घ्यायचा, कारण प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो आणि खाली बसतो. यंत्राच्या संथपणाची भरपाई माणसाच्या पाच मिनिटांनी करायची, एवढी कामाची वाटणी अजून शिल्लक आहे.

तिसरा आक्षेप नासाडीचा, आणि त्याने पायलटला जवळजवळ संपवलेच. ताशी ६०० बीटीयू ही लहान पायलटची भूक धरली, तरी वर्षभरात ती आपल्या स्वयंपाकघरातल्या सात-आठ सिलिंडरांएवढी ऊर्जा खाते, एकदाही स्वयंपाक न होता. १९७०च्या दशकातल्या इंधनटंचाईनंतर हे कोणाला परवडण्यासारखे राहिले नाही. अमेरिकेत १९८७च्या कायद्याने विजेची वायर असलेल्या गॅस शेगड्यांवर १९९०पासून अखंड पायलटला बंदी आली, २०१२पासून उरलेल्या शेगड्यांवरही. आता ठिणगी देणारी यंत्रणा गरजेपुरतीच ज्योत लावते. याने माझे म्हणणे खोटे ठरते का? मला उलट वाटते. पेटवण्याचे काम ठिणगीने घेतले, पण साक्षीचे काम ज्योतीकडेच राहिले. नव्या यंत्रात ज्योतीतून वीज वाहू शकते आणि ती एकाच दिशेला अधिक सहज वाहते, या गुणावरून ज्योत ओळखतात. ज्योत नसेल तर काही सेकंदांत गॅस बंद. नंदादीप गेला, पुरावा मागण्याची रीत राहिली. जुन्या पद्धतीची एक बाजू मात्र विसरू नये. फेब्रुवारी २०२१च्या हिमवादळात टेक्सासमध्ये लाखो घरांची वीज गेली, तेव्हा विजेवर ज्योत लावणाऱ्या भट्ट्या गॅस असूनही गार राहिल्या. पायलटवर चालणाऱ्या शेकोटीला अशा वेळी भिंतीतल्या विजेची गरज लागत नाही. तिला लागणारे ते काही मिलिव्होल्ट तिची ज्योतच देते.

साक्षीचा हा विचार पुढे आणखी एका पायरीने वाढला. १९८०पासून अमेरिकेत धुराडे नसलेल्या गॅस हीटरांवर एक विशेष पायलट आला. त्याची ज्योत अशी बेतलेली असते की खोलीतला ऑक्सिजन नेहमीच्या २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांकडे उतरू लागला की ती छिद्रापासून उचलली जाते, कांडीपासून दूर सरते, कांडी गार पडते आणि गॅस तुटतो. ज्योत आहे की नाही एवढेच न सांगता, ती कोणत्या हवेत जळते आहे हेही हा पायलट सांगतो. खाणकामगारांना हे जुनेच ठाऊक होते. १८१५ साली हम्फ्री डेव्हीने जाळीचा दिवा दिल्यापासून ते ज्योत मंदावली की वाईट हवा ओळखून मागे फिरत. उंच डोंगराळ भागात विरळ हवेमुळे हा पायलट विनाकारण विझतो, अशी तक्रार असते आणि ती खरी आहे.

महाराष्ट्रात दर हिवाळ्यात बंद न्हाणीघरात गॅस गिझरने जीव गेल्याच्या बातम्या येतात. सेलवर ठिणगी देणाऱ्या या गिझरांत पायलट नाही. ज्योत गेली तर गॅस तोडण्याची सोय असते, पण अशा अपघातांत ज्योत गेलेली नसते. ती शेवटपर्यंत जळत असते, त्या लहानशा खोलीतला ऑक्सिजन खात, आणि हवा कमी पडू लागली की वासरहित कार्बन मोनॉक्साइड सोडत. आपण कोणत्या हवेत जळतो आहोत, हे अशा गिझराच्या ज्योतीला कोणी विचारलेलेच नसते. उंचावरच्या गावांत लोक ज्याला नाजूक म्हणून नावे ठेवतात तो पायलट तिथे असता, तर हवा बिघडू लागताच त्याची ज्योत कांडीवरून उठली असती, गॅस तुटला असता, आणि आत आंघोळ करणाऱ्याने बादली अर्धी भरायच्या आत पाणी गार येऊ लागल्याची तक्रार करत दार उघडले असते.